हुणसेहाळ

सरपंच बिराजदार तीन माणसं घेऊन आले.
सोबत एक अर्ज, त्यावर गोल शिक्का,
शिक्क्याची शाई अजून ओली.
"बाई, तुम्ही तीस वर्षं संस्कृत शिकवलं.
एवढं लिहून द्या, की आमच्या गावाचं मूळ नाव
हंसालय."

दाजी पेठेत माझ्या भिंतीपलीकडे माग चालतो,
त्याला पाहुण्यांसाठी थांबायची सवय नाही,
म्हणून आम्ही सगळेच जरा ओरडून बोलत होतो.
हंस कुठून आले? मी ओरडले.
"यायचे. तळ्यावर."
तळं कुठंय?
"होतं."

मी चहा टाकला आणि चार कारणं सांगितली.
जुने व्याकरणवाले गावाच्या नावाला चारच वाटांनी येऊ देतात:
तिथं ते आहे म्हणून,
अमक्यानं वसवलं म्हणून,
तमके राहतात म्हणून,
नाहीतर ते तिथून लांब नाही म्हणून.
मला हे चौथं फार आवडतं.
लांब नाही, एवढ्या आधारावर
एक अख्खं गाव उभं राहतं.
"यात हंस बसत नाहीत?"
बसवले तर बसतील, मी म्हटलं.
पण बसवलेले दिसतील.

भागव्वा उंबऱ्याशी बशी फुंकत होती.
अर्जावर चौथा अंगठा तिचा;
वाचून कुणी दाखवला नव्हता.
"हुणसे म्हंजे चिंच," ती म्हणाली, "हाळ म्हंजे वढा.
वढ्यावर चिंच हुती. माझ्या सासूचा नवरा
तिच्या सावलीत जल्मला.
रस्ता रुंद केला, तवा पाडली."

"मग आता नावात उरलं काय?" सरपंच म्हणाले,
आणि मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं.
दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी
कुणीतरी नेमका इथंच अडला होता:
नाव झाडामुळे असेल
तर झाड पडल्यावर नावही पडायला हवं.
पडत नाही.
म्हणजे एव्हाना ते झाडाचं राहिलेलं नसतं.

पुण्याच्या रस्त्याला चिंचोली आहे.
चिञ्चा, तिची पल्ली; पल्लीतला प
येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडात विरघळला.
तेच झाड, तेवढंच आंबट,
एकाला संस्कृतातून रस्ता मिळाला, एकाला कानडीतून,
दोघांनाही पोचायचं होतं सावलीलाच.
आपल्या सोलापुरालाही लोक सोळा गावं मोजून दाखवतात,
दगडावर मात्र सोन्नलगे कोरलंय.
हे सगळं मी सांगितलं.
सरपंच घड्याळ बघत होते.

अर्जाखाली मी लिहिलं:
हुणसेहाळ. अर्थ लागतो. बदलण्याचं कारण दिसत नाही.
त्यांनी घडी घातली, खिशात ठेवली,
नमस्कार थोडा लहान केला.
भागव्वानं पदराची गाठ सोडून
मूठभर चिंचोके ओट्यावर ठेवले.
फी असावी.

पाटी लागलीच. अक्कलकोटकडे जाताना दिसते,
निळी, दोन हंस, चोची जरा बदकाच्या.
परवा एसटीत मी मुद्दाम म्हटलं, हंसालय एक.
कंडक्टर म्हणाला, "हे कुठं आलं?"
हुणसेहाळ, म्हटल्यावर यंत्रानं
कर्र करून तिकीट बाहेर काढलं,
त्यावर छापलं होतं: हुणसेहा.
ळ कागदात मावला नाही.

मुलांना कधी सांगितलं नाही, परीक्षेला येत नसे,
पण ग्राम हा शब्द आधी घरांचा नव्हता.
गुरं, गाडे, पोरंबाळं घेऊन
चालत निघालेला जथा, तो ग्राम.
दोन ग्राम समोरासमोर आले की संग्राम.
पुढं कधीतरी पाय दुखले असतील.

खिडकीच्या जागेवरून दोन बायका
कानडी-मराठीत हमरीतुमरीवर आल्या होत्या,
मधल्या वाटेत ज्वारीचं पोतं, एक शेळी,
आणि कुणाचं तरी रडं न थांबणारं तान्हं.
मी पाय आखडून घेतले
शेळीसाठी.